मशीन नको? मग खर्चाचा हिशेब असा मांडा

‘नळी लावून झोप येत नाही’ म्हणत स्लीप ॲप्नियासाठीचं (झोपेत श्वास अडण्याच्या विकारासाठीचं) सीपॅप मशीन कपाटावर चढवणारे पुष्कळ. त्यांना पहिला प्रश्न: मास्क बदलून पाहिलात का? वेगळ्या मापाचा मास्क हा पुढच्या बहुतेक पर्यायांपेक्षा स्वस्त पडतो.

तरीही नकोच असेल, तर स्लीप स्टडीचा जुना रिपोर्ट काढा. त्यातला ‘एएचआय’ म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो तो आकडा. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. पाठीवर झोपल्यावरचा आकडा बहुधा वेगळा दिलेला असतो. तो कुशीवरच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त असेल, तर बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिस बॉल घालायचा. खर्च शे-दीडशे रुपये. बॉल टोचतो म्हणून अनेकजण तो सोडून देतात, हेही खरं.

सौम्य-मध्यम त्रासात खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी उपयोगी पडते. ऑनलाइन मिळणारी, गरम पाण्यात मऊ करून चावायची पट्टी स्वस्त असते, पण पैसे घालवायचेच तर दंतवैद्याकडून मापाची करून घ्यावी. कोटेशन मागताना विचारा: जबडा थोडाथोडा पुढे घेण्याच्या नंतरच्या भेटी त्यात धरल्यात का? पट्टी तुटली तर काय? आणि पट्टी बसल्यावर करायची दुसरी स्लीप स्टडी? हा खर्च अंदाजपत्रकात सहसा नसतो, आणि तिच्याशिवाय गुण आला की नुसतं घोरणं थांबलं, ते कळत नाही. कवळी असेल तर हा पर्याय बहुधा बाद.

वजन जास्त असेल, तर टर्झेपाटाइडचं इंजेक्शन. अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये लठ्ठ प्रौढांच्या मध्यम-तीव्र स्लीप ॲप्नियासाठी त्याला मंजुरी मिळाली. मार्च 2025 मध्ये ते भारतात ‘मौंजारो’ नावाने आलं, तेव्हा 2.5 मिलिग्रॅमची कुपी 3,500 आणि 5 मिलिग्रॅमची 4,375 रुपयांना होती. आठवड्याला एक, म्हणजे त्या भावाने पहिला महिना 14,000, दुसरा 17,500. ॲप्नियासाठीचा नेहमीचा डोस 10 किंवा 15 मिलिग्रॅम, तेव्हा बिल पुढे आणखी चढतं. आजचा भाव औषधाच्या दुकानात विचारूनच पुढचं ठरवा, कारण औषध थांबवलं की वजन परतू शकतं.

आणखी एक पर्याय घशाच्या शस्त्रक्रियेचा. तिच्याआधी गुंगी देऊन दुर्बिणीने घसा नेमका कुठे मिटतो ते पाहतात. ती तपासणी पॅकेजमध्ये आहे का, ते लेखी घ्या. वाढलेले टॉन्सिल असतील तर फायदा चांगला. नुसतं नाकाचं हाड सरळ केल्याने ॲप्निया सहसा जात नाही.

विम्याचं एक कलम मात्र बघून ठेवा. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया एरवी नाकारली जाते. पण बीएमआय 35 किंवा जास्त, सोबत तीव्र स्लीप ॲप्निया आणि वजन घटवण्याचे आधीचे सौम्य उपाय फसलेले, अशा रुग्णाला प्रमाणित शब्दरचनेत सवलत आहे. स्लीप स्टडीचा तो जुना रिपोर्ट इथे पुरावा म्हणून कामी येऊ शकतो.