थोडी ढील द्या!

संक्रांतीला होस्टेलच्या गच्चीवर पतंग उडवणाऱ्याला मॅनेजमेंटचा एक धडा आपोआप येतो. मांजा सारखा ताणून धरला तर पतंग चढत नाही आणि नुसतीच ढील दिली तर गोते खातो.

कंपनीचंही तसंच आहे. रोजचं काम भागवून जो पैसा, माणसं, मशीन आणि वेळ उरतो, त्याला मॅनेजमेंटमध्ये ‘स्लॅक’ म्हणतात. मी त्याला ढील म्हणतो. हिशोब बघणाऱ्याला ती उधळपट्टी वाटते. पण नवीन प्रयोग बहुतेक वेळा फसतात आणि तो फटका सोसायला काहीतरी शिल्लक लागतंच ना?

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. टीसीएसने 1981 साली पुण्यात टीआरडीडीसी ही संशोधन संस्था काढली. कंपनी सॉफ्टवेअरची, पण तिथे 1980 च्या दशकातच धानाच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळण्याचं काम सुरू झालं. आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलमध्ये निघतं तेच तूस! पुढे या राखेला चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची जोड मिळाली आणि डिसेंबर 2009 मध्ये टाटा केमिकल्सने ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आणला. त्याला वीज नको, नळ नको आणि तेव्हा किंमत हजार रुपयांच्या आत होती. दर तिमाहीला नफा मागितला असता तर ही राख पहिल्याच वर्षी फेकली गेली असती.

मग भरपूर ढील द्यावी का? नाही. रंजय गुलाटी आणि आयआयटी मुंबईत शिकलेले नितीन नोहरिया यांनी 1996 साली दोन बहुराष्ट्रीय कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ढील वाढते तसे नवे प्रयोग वाढतात, पण एका मर्यादेनंतर शिस्त सुटते आणि ते घटतात. ग्राफ उलट्या ‘यू’सारखा येतो.

आता आपलं बघू. गेल्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने सीनिअरचाच मिनी प्रोजेक्ट रंग बदलून सबमिट केला. आळस नव्हता हो. नवीन काही करून फसलो असतो, तर दुसऱ्यांदा करायला वेळच नव्हता.

म्हणून सर आणि मॅडमना एक विनंती. आठवड्यातून एक संध्याकाळ वर्कशॉप उघडं ठेवा. मार्क नकोत. मात्र सेमिस्टरच्या शेवटी काय केलं आणि काय फसलं, ते आम्ही सगळ्यांसमोर दाखवू.

ढील तुम्ही द्या, मांजा आम्ही सांभाळतो.