दप्तर एक, सर्व्हर दोन

भालचंद्र गणेशाच्या मंदिरामुळे परिचित असलेल्या, बीड तालुक्यातील लिंबागणेश येथील शेतकऱ्यास पूर्वी सातबारा उताऱ्यासाठी तलाठ्याची गाठ घ्यावी लागे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा ऑनलाइन मिळू लागला. सोय झाली खरी, पण अवलंबून राहण्याची जागा बदलली. तलाठी रजेवर गेल्यास त्याचा कार्यभार दुसऱ्याकडे सोपविण्याची पद्धत महसूल खात्यात जुनीच आहे. सर्व्हरच बंद पडला तर? पीक विम्याची मुदत संपत आलेली असताना ‘सर्व्हर डाऊन’ हे दोन शब्द साऱ्या हंगामाचे संरक्षण हिरावू शकतात.

कार्यभाराची हीच पद्धत यंत्रांना लावली म्हणजे ‘फेलओव्हर क्लस्टर’ तयार होतो. डिजिटल इक्विपमेंट कंपनीने १९८३ साली जाहीर केलेला व्हॅक्सक्लस्टर हा या प्रकारातील आरंभीचा नमुना होय.

यात सारख्या क्षमतेचे दोन सर्व्हर घेतात. माहिती मात्र कोणाच्याच पोटात न ठेवता बाहेरच्या एका सामायिक साठवण यंत्रणेत ठेवतात. तिच्यापर्यंत प्रत्येक सर्व्हरपासून दोन स्वतंत्र मार्ग असावेत, म्हणजे एखादी केबल तुटली तरी काम अडत नाही. नागरिकांसाठी पत्ता एकच असतो. जो सर्व्हर कामावर असेल, तो त्या पत्त्यावर उत्तर देतो.

दोन्ही सर्व्हर परस्परांना ‘मी चालू आहे’ असा संदेश सतत पाठवीत असतात. विंडोज सर्व्हर २०१६ च्या मूळ मांडणीत, एकाच जाळ्यातील सर्व्हरमध्ये, हा संदेश दर सेकंदास जातो व लागोपाठ दहा चुकल्यास जोडीदार बंद पडला असे मानले जाते. खरी कसोटी येथेच आहे. जोडीदार खरोखर बंद आहे, की केवळ मधली तार तुटली आहे? तार तुटली असेल तर दोघेही स्वतःस कार्यभारी समजतील आणि एकाच दप्तरात एकाच वेळी नोंदी करू लागतील. दोन तलाठ्यांनी एकाच फेरफार वहीत परस्परांस न विचारता लिहावे, तसा हा प्रकार. सर्व्हर बंद पडण्यापेक्षा हे अधिक घातक, कारण बिघडलेली नोंद लगेच दिसत नाही.

म्हणून तिसरे मत लागते. सामायिक साठवणीतील एक लहानशी डिस्क ‘साक्षीदार’ म्हणून नेमतात. तीनपैकी दोन मते ज्याच्याकडे, तोच काम चालवतो; दुसऱ्याचा साठवणीवरील हक्क काढून घेतला जातो. हा भाग वगळून केलेली मांडणी स्वस्त पडते, पण ती न केलेली बरी.

उभारणीनंतर चाचणी अपरिहार्य आहे. कामकाजाची वेळ टाळून चालू सर्व्हरची वीज काढावी, दुसऱ्या दिवशी केबल काढावी आणि दुसरा सर्व्हर किती वेळात कार्यभार घेतो, हे घड्याळ लावून नोंदवावे.

या रचनेकडून भलत्या अपेक्षा मात्र ठेवू नयेत. मुदतीच्या शेवटच्या दिवशी उसळणारी गर्दी तिने कमी होत नाही. एका वेळी काम करणारा सर्व्हर एकच असतो, गर्दीसाठी क्षमताच वाढवावी लागते. शिवाय साठवण यंत्रणा एकच आहे. चुकून पुसलेली नोंद दोन्ही सर्व्हरना पुसलेलीच दिसेल, म्हणून रोजची प्रत वेगळ्या इमारतीत ठेवावी व ती उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे.