अणुवीज केंद्राचं ‘पासिंग’ कोण करतं?



गगनबावड्याच्या माणसाला घाट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. करूळ घाट उतरण्याआधी शहाणा ट्रकवाला ब्रेक दाबून बघतो. पण ट्रक रस्त्यावर आणायला लायक आहे की नाही, हे तो स्वतः ठरवत नाही. त्यासाठी गाडी पासिंगला न्यावी लागते. मालक खेपा आणि भाडं मोजतो. तपासणारा ब्रेक, टायर आणि दिवे बघतो. दोघांच्या वह्या वेगळ्या, म्हणून माणसं अलग वेगळी असलेली बरी.

आज आपण हाच नियम अणुवीज केंद्राला लावून पाहणार आहोत. हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही. सहा अणुभट्ट्यांचा जैतापूर प्रकल्प रत्नागिरी जिल्ह्यात जिथे प्रस्तावित आहे, ती जागा आपल्या गावापासून सरळ रेषेत साधारण 50 किलोमीटरवर आहे. आणि महाराष्ट्रात अणुवीज 1969 पासून तयार होते आहे, ती पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला.

दोन वह्या

तारापूरला चार संच आहेत. पहिले दोन 1969 चे, आता प्रत्येकी 160 मेगावॅटचे. तिसरा आणि चौथा प्रत्येकी 540 मेगावॅटचा. ते 2005-06 मध्ये सुरू झाले. हे केंद्र न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी चालवते. किती वीज तयार झाली, संच किती दिवस चालला, ही झाली कंपनीची वही.

दुसरी वही अणुऊर्जा नियामक मंडळाची. या मंडळाची स्थापना 15 नोव्हेंबर 1983 रोजी झाली आणि त्याचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. या वहीत वेगळे प्रश्न असतात. संच अचानक किती वेळा बंद पडला? आणीबाणीचे डिझेल जनरेटर चाचणीत लगेच सुरू झाले का? कामगारांना किती किरणोत्सार मिळाला? हवेत आणि समुद्रात किती सोडला गेला?

एखाद्या वर्षी विक्रमी वीज तयार होऊनही दुसऱ्या वहीत लाल शेरा येऊ शकतो. म्हणून ‘चांगलं चाललंय’ असं कुणी म्हणालं, की कोणत्या वहीप्रमाणे, हे विचारायची सवय लावून घ्या.

तपासणी कशी होते?

1. परवाना कायमचा नसतो. तो जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी मिळतो, आणि दर दहा वर्षांनी केंद्राचा सगळा इतिहास उघडून सखोल आढावा घेतला जातो.
2. तापमान, दाब, पाण्याची पातळी यांच्या मर्यादा आधीच लिहून ठेवलेल्या असतात. मर्यादा ओलांडली तर संच बंद करावा लागतो, मग विजेची मागणी कितीही असो.
3. नियंत्रण कक्षात बसणाऱ्यालाही परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो.
4. केंद्रामुळे सामान्य माणसाला वर्षाला 1 मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त किरणोत्सार मिळता कामा नये. माती, खडक, आकाश यांतून निसर्गतःच आपल्याला जगात सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतो, त्यावरून अंदाज करा.
5. महत्त्वाची घटना घडली की मंडळाला कळवावीच लागते. तिची पायरी 0 ते 7 अशा आंतरराष्ट्रीय मापावर ठरते. 1 ते 3 म्हणजे घटना, 4 ते 7 म्हणजे अपघात. चेर्नोबिल आणि फुकुशिमा सातव्या पायरीवर आहेत.

लहान चूक का महत्त्वाची?

31 मार्च 1993 रोजी उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली आणि हायड्रोजनने पेट घेतला. मुख्य आणि राखीव विजेच्या केबल्स पुरेशा वेगळ्या ठेवलेल्या नव्हत्या, त्यामुळे दोन्ही जळाल्या. केंद्र कित्येक तास विजेविना राहिलं. कर्मचाऱ्यांनी डिझेलवर चालणाऱ्या आग विझवण्याच्या पंपांनी पाणी पुरवून धोका टाळला. किरणोत्सार बाहेर पडला नाही. घटना तिसऱ्या पायरीवर थांबली. आता विचार करा: केबल्स शेजारी-शेजारी असणं हा दोष वीज तयार करण्याच्या आड कधीच आला नसता. पहिल्या वहीत तो दिसतच नाही. तो शोधायला दुसरी वही हातात घेतलेला माणूसच लागतो.

तपासणारा कुणाचा?

इथे खरा प्रश्न येतो. जपानमध्ये अणुऊर्जेवर लक्ष ठेवणारी संस्था, अणुऊर्जेला प्रोत्साहन देणाऱ्या मंत्रालयाच्याच हाताखाली होती. 2011 च्या फुकुशिमा अपघातानंतर संसदेच्या चौकशी आयोगाने हा अपघात मानवनिर्मित ठरवला आणि कंपनी व नियामक यांच्या साट्यालोट्यावर बोट ठेवलं. 2012 मध्ये जपानने नवीन, स्वतंत्र संस्था उभी केली.

आपल्याकडेही त्याच वर्षी कॅगने आपल्या अहवालात दाखवून दिलं, की नियामक मंडळाला स्वतंत्र कायदेशीर दर्जा नाही आणि नियम मोडल्याचा दंड जास्तीत जास्त 500 रुपये आहे! मंडळ ज्या अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होतं, त्याचे अध्यक्ष अणुऊर्जा विभागाचे सचिव. आणि वीज तयार करणारी कंपनीही त्याच विभागाची. 2011 मध्ये मांडलेलं स्वतंत्र प्राधिकरणाचं विधेयक मंजूर न होताच बारगळलं. अखेर डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ‘शांती’ कायद्याने मंडळाला कायद्याचा आधार दिला. याच कायद्याने खासगी कंपन्यांनाही अणुवीज क्षेत्राचं दार उघडलं. म्हणजे मालक वाढणार, आणि तपासणाऱ्याची जबाबदारीही वाढणार.

मंडळातली माणसं प्रामाणिक नाहीत, असा याचा अर्थ नाही. पण ज्याच्या गाडीचं पासिंग करायचं, त्याच्याच घरी तपासनीस नोकरीला असेल, तर प्रामाणिक माणसाच्याही शेऱ्यावर लोकांचा विश्वास बसत नाही. अणुविजेला पाठिंबा असो वा विरोध, स्वतंत्र तपासनीस दोन्ही बाजूंना हवाच.

विचार करा आणि वहीत लिहा

1. वीजनिर्मितीची वही आणि सुरक्षेची वही यांतला फरक तुमच्या शब्दांत सांगा.
2. नरोराची घटना तिसऱ्या पायरीवरच का थांबली?
3. आपल्या गावातली एक गोष्ट निवडा: पाण्याची टाकी, शाळेचा पोषण आहार किंवा एसटी. ती कोण चालवतं आणि कोण तपासतं? दोघे एकच असतील, तर काय बदलावं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरी विचारून आणा. उद्या वर्गात त्यावरच बोलू.