बायका तपासणीला येत नाहीत, तेव्हा

चि. सोनूस,


उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झालीस, छान झालं. मात्र कॅन्सर तपासणीच्या शिबिराला 'अडाणी बायका येतच नाहीत' असं तू लिहिलंस, ते काही पटलं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या देशभरात जेमतेम 1.9 टक्के निघाल्या आणि स्तनांची तपासणी झालेल्या 0.9 टक्के. यात शिकलेल्या, पगारदार, शहरातल्या बायकाही आल्याच की!

आता दुसरा आकडा बघ. टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींना दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाला व्हिनेगर लावून करायची तपासणी मिळाली. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. त्या घरोघरी जाऊन बोलल्या, आणि 89 टक्के बायका तपासणीला आल्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे बायका येतात. न येणारीला काय अडवतं, ते मात्र तिच्याजवळ बसल्याशिवाय कळत नाही.

बहुतेक वेळा अडवते ती भीती, आणि ती हवेतून आलेली नसते. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं प्रकरण गाजलं. कॅन्सर होईल असं घाबरवून गर्भपिशव्या काढल्याच्या तक्रारी होत्या. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अशा गोष्टी ऐकलेल्या बाईला 'पिशवीचं तोंड तपासायचंय' म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे थेट ऑपरेशन उभं राहतं. एखादीला बाळंतपणात टेबलावर खाल्लेल्या शिव्या आठवतात. एखादीला घरातच जबरदस्ती सोसावी लागलेली असते, तिला कुणाचा हातही सहन होत नाही. बाहेरून बघणाऱ्याला या सगळ्याजणी 'ऐकत नाहीत' एवढंच दिसतं.

शिवाय उदासीनता. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात जवळपास अडीच हजार बायकांची पाहणी केली. अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी आणि उदासीनतेशी जास्त जोडलेली आढळली. पण म्हणून कुणाची तक्रार 'मनाचे खेळ' समजून उडवून लावायची नाही. अंग तपासायचंच, पण झोप लागते का, जेवण जातं का, घरात कुणाशी बोलणं होतं का, हेही विचारायचं. जिला सकाळी उठून चूल पेटवणंही जड जातं, ती पुढच्या पाच-दहा वर्षांत होऊ शकणाऱ्या आजारासाठी दोन किलोमीटर चालत कशी येईल?

सरकारनेच याची सोय केली आहे, ती वापर. आजारांचा धोका ओळखण्यासाठी आशाताई घरोघरी भरतात त्या सीबॅक फॉर्मच्या शेवटी मनाविषयी दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही का, आणि उदास, निराश वाटलं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज तीनच्या वर गेली की बाईला तुझ्याकडे किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवायचं. प्रत्यक्षात होतं काय? आशाताई ओसरीवर टेकते, शेजारी सासू शेंगा सोलत असते, दारात दीर चपला शोधत असतो. स्तनात गाठ? नाही. संबंधानंतर रक्त जातं? नाही. उदास वाटतं? नाही. दोन मिनिटांत फॉर्म पुरा. हे प्रश्न आड बाजूला, एकटीला विचारायला आशाताईंना शिकव. फॉर्म कमी भरले तरी चालतील.

मानसिक आजाराची औषधं चालू असलेल्या बायकांची नावं तपासणीच्या यादीतून गळतात. 'तिला कशाला नेता?' असं घरचेच म्हणतात. 2020 मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीमध्ये 47 लाखांहून जास्त लोकांच्या माहितीचा एकत्रित आढावा आला. मानसिक आजार असलेल्यांची कॅन्सर तपासणी इतरांपेक्षा कमी होते, हे त्यात स्पष्ट दिसलं. त्यांच्या घरी तू स्वतः जा. होकार मात्र त्या बाईचाच घे, नवऱ्याचा किंवा भावाचा नव्हे.

खोलीत पडदा नीट लागतो का, खिडकीतून दिसतं का, हे आदल्या दिवशी बघ. पाळी चालू असेल तर नंतरची तारीख दे. टॉर्च, स्पेक्युलम हातात देऊन दाखव, पातळ ॲसेटिक ॲसिड म्हणजे व्हिनेगरच, ते लावून मिनिटभर थांबायचं, हे आधीच सांग. 'थांब' म्हणाली की हात थांबला पाहिजे. आणि पांढरा डाग दिसला तर 'पॉझिटिव्ह' एवढंच बोलून चिठ्ठी देऊ नकोस. तो कॅन्सरच असतो असं नाही, बहुतेकदा नसतोच, हे तिथेच समजाव. पुढच्या तपासणीपर्यंतच्या रात्री तिला एकटीला काढायच्या असतात. कुठे जायचं, कुणाला भेटायचं ते लिहून दे, मधे एकदा फोन कर, आणि टेलिमानसचा 14416 हा क्रमांकही दे. तिथे फुकट आणि मराठीत बोलता येतं.

पुढच्या शिबिराला न आलेल्यांची यादी कर आणि प्रत्येकीपुढे तिने सांगितलेलं कारण तिच्याच शब्दांत लिही. 'नकार' एवढं लिहून रकाना भरू नकोस. यादी झाली की इकडे पाठव, म्हणजे कुणाच्या घरी आधी जायचं ते मिळून ठरवता येईल.

तुझी,
मावशी