मातीच्या मडक्यातले खरेदीखत
(अभ्यासपाठ : नोटरी कोण आणि त्याचे काम काय)

शास्त्रपाठ : यिर्मया ३२:६-१५, गणना २७:१-७



मागच्या वर्षी आमच्या केंद्रावर पाड्यावरची एक आजी आली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद तिने माझ्यापुढे ठेवला. शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर, खाली तिचा अंगठा आणि शेजारी लाल गोल शिक्का. ती म्हणाली, "बाई, हा शिक्का सरकारचा ना? मग माझी जमीन गेलीच ना?"

चार वर्षांपूर्वी मुलाच्या आजारपणात तिने एका व्यापाऱ्याकडून पैसे उसने घेतले होते. कागदात मात्र तिने वीस गुंठे जमीन विकल्याचे लिहिले होते. "कागद वाचून दाखवला होता का?" असे मी विचारले. "नाही. अंगठा दे म्हणाले, मी दिला."

त्या शिक्क्याच्या भीतीने ती चार वर्षे स्वतःच्या शेतात उतरली नव्हती. म्हणून या अंकाच्या पाठासाठी मी हा विषय घेतला आहे. मी वकील नाही, पण या कामात जे शिकले ते तुमच्यापुढे ठेवते.

आपल्याकडचा नोटरी

आपल्या देशातले नोटरी १९५२ च्या नोटरी कायद्याखाली नेमले जातात. ते बहुधा अनुभवी वकील असतात. सही करणारा माणूस तोच आहे याची खात्री करणे, शपथ देऊन प्रतिज्ञापत्र घेणे, नक्कल मुळाबरहुकूम असल्याचे प्रमाणित करणे, भाषांतर तपासणे ही त्यांची मुख्य कामे. केलेल्या कामाची नोंद ते वहीत ठेवतात. मूळ कागद मात्र पक्षकाराच्या हाती परत जातो.

हे काम उपयोगाचे आहे. नावात चूक झाली, दाखला हरवला, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे, अशा वेळी आमची मुले प्रतिज्ञापत्र करतात. पण नोटरीच्या शिक्क्याने जमीन विकली जात नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जमिनीच्या विक्रीचे खत १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. शिवाय महाराष्ट्रात आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आजीच्या कागदाला यातले काहीच नव्हते. तो शिक्का खरा होता, पण त्याने व्यापाऱ्याला मालकी मिळाली नव्हती.

दुसऱ्या रीतीचा नोटरी

फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल अशा देशांत नोटरीचा अर्थ निराळा आहे. तिथे नोटरी हा कायद्याने नेमलेला सार्वजनिक अधिकारी असतो. तो एका बाजूचा वकील नसतो, दोन्ही बाजूंना सारखाच बांधलेला असतो. खत तो स्वतः तयार करतो, वाचून दाखवतो, त्याचा परिणाम समजावतो आणि मूळ खत आपल्या दप्तरी ठेवून पक्षकारांना नकला देतो. असे खत न्यायालयात भक्कम पुरावा मानले जाते. जमिनीची विक्री, मृत्युपत्र, लग्नाआधीचा मालमत्तेचा करार, वारसांची नोंद ही कामे त्याच्यासमोर होतात.

ही रीत आपल्या शेजारी गोव्यात आजही आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून तिथे लागू झाली. १९६१ च्या मुक्तीनंतरही तिचा कुटुंब आणि वारसा यांविषयीचा भाग चालू राहिला. पुढे वारसा व विशेष नोटरी यांविषयी गोव्याच्या विधानसभेने स्वतःचा कायदा केला आणि तो २०१६ मध्ये अमलात आला. मृत्युपत्र, वारसाचे खत, वारसाहक्क सोडल्याचे खत ही कामे तिथे मुलकी निबंधक व दुय्यम निबंधक या कार्यालयातला अधिकारी विशेष नोटरी म्हणून करतो.

केप्याला गेले तेव्हा

आमच्या वसतिगृहात वाढलेली एक वारली मुलगी कामासाठी गोव्यात गेली आणि केपे तालुक्यातल्या एका गावडा कुटुंबात तिचे लग्न झाले. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळाले, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. लग्नाची रीतसर नोंदणी झाली होती. सहा वर्षांनी नवरा अपघातात गेला. पदरात दोन लहान मुले. दिराने सांगितले, "घर आणि कुळागर आमच्या बापाचे. तू हक्क सोडल्याची सही कर, आम्ही तुला सांभाळू." तिने रात्री मला फोन केला. दुसऱ्या दिवशी मी निघाले.

कार्यालयातल्या अधिकारी बाईंनी सही मागण्याआधी मसुदा मोठ्याने वाचला. मग तिला कोकणीत आणि नंतर मराठीत विचारले, "यात तू काय सोडते आहेस ते तुला कळले का?" ती गप्प राहिली. तेव्हा त्यांनी समजावले. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता दोघांची सामाईक असते. म्हणून नवऱ्याच्या वाट्यातला अर्धा हिस्सा वारसा म्हणून नव्हे, तर तिचा स्वतःचाच आहे. उरलेला अर्धा मुलांकडे जातो, मुलगा आणि मुलगी दोघांना सारखा. हक्क एकदा सोडला की मागाहून मन बदलून चालत नाही.

तिने सही केली नाही.

नंतर वारसाचे खत झाले. मृताचे वारस कोण आहेत हे गावातल्या तीन विश्वासू माणसांनी अधिकाऱ्यापुढे सांगितले, ते दप्तरात लिहिले गेले आणि कोणाची हरकत असल्यास कळावी म्हणून प्रसिद्धही झाले. दीर रागावला. ते घर अजून पूर्वीसारखे झालेले नाही. वाटणीचा तंटा उभा राहिला तर तो न्यायालयातच सुटेल, कारण नोटरी न्यायाधीश नव्हे. पण ती आज मुलांसह त्याच घरात राहते.

ही रीत निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. घरूनच दम देऊन आणलेली बहीण "कळले" म्हणून मान हलवते, आणि मग चांगला अधिकारीही काही करू शकत नाही.

शास्त्र काय शिकवते

बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला असताना यिर्मयाने अनाथोथ येथील चुलतभावाचे शेत सतरा शेकेल रुपे तोलून विकत घेतले. खत लिहिले, मोहोर केली, साक्षीदार ठेवले. खताच्या दोन प्रती होत्या, एक मोहोरबंद आणि एक उघडी. सर्वांच्या देखत त्या बारुखाच्या हाती दिल्या आणि पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या.

चांगल्या नोटरीचे सारे काम इथे दिसते : साक्ष, उघडेपणा, जतन. या देशात पुन्हा शेते विकत घेतली जातील या देवाच्या वचनावर त्याचा विश्वास होता आणि त्या विश्वासानेच त्याने कागद नीट केले. प्रार्थना करणाऱ्याने कागदाकडे दुर्लक्ष करावे असे या अध्यायात कुठेही नाही.

सलाफहादाच्या मुली दर्शनमंडपाच्या दाराशी सर्वांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी बापाचे वतन मागितले. परमेश्वराने त्यांचे म्हणणे रास्त ठरवले. हक्क मागणाऱ्या बहिणीला आपण लोभी म्हणतो, तेव्हा ही गोष्ट आठवावी.

पाड्यावर सांगण्याच्या गोष्टी

१. वाचून, आपल्या भाषेत समजावून दिल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नये.
२. कोऱ्या कागदावर कधीही सही करू नये.
३. कागदाची प्रत मागावी. नोटरीच्या वहीतला अनुक्रमांक आणि तारीख लिहून ठेवावी.
४. नोटरीच्या कागदाने लग्न लागत नाही आणि मोडतही नाही.
५. शिक्का पाहून घाबरू नये. आधी जाणत्या माणसाला कागद दाखवावा.

आजीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. एका वकील बंधूंच्या मदतीने तिने तहसीलदारांकडे अर्ज केला आहे. प्रकरण संपलेले नाही. उसने घेतलेले पैसे ती थोडे थोडे फेडते आहे, कारण ते देणे खरे आहे. पण यंदा तिने त्या वीस गुंठ्यांत नागली पेरली.

मंडळीतल्या निवृत्त कारकुनांनो, शिक्षकांनो, वकिलांनो, महिन्यातला एक दिवस आम्हाला द्या. आमच्या लोकांना पैशापेक्षा शेजारी बसून कागद वाचणारा माणूस जास्त हवा आहे.

मनन व चर्चेसाठी

१. यिर्मयाने साक्षीदार का ठेवले? देवाचे वचन पुरेसे नव्हते का?
२. आपल्या घरात बहिणींकडून हक्कसोडीच्या सह्या कशा घेतल्या गेल्या?
३. आपल्या मंडळीत बारुखाचे काम कोण करू शकेल?

प्रार्थना : हे प्रभू, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आमचे डोळे वापर, आणि आमच्या हातून कोणाचे शेत जाऊ देऊ नको. आमेन.