अबोल मुलीला होस्टेलवर पाठवायचं का?

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे कॉलेजबद्दल सल्ला मागायला येणाऱ्या पालकांच्या हातात पूर्वी गुणपत्रिकेची झेरॉक्स असायची. आता मोबाइल असतो. यंदा पिरंगुटहून आलेल्या एका आईने खुर्चीत बसायच्या आतच तो माझ्यापुढे धरला. "मॅडम, आधी हे बघा, मग बोलू."

दीड मिनिटाची रील होती. विशीतला एक विद्यार्थी छान स्पष्ट आवाजात सांगत होता की तो इंट्रोव्हर्ट आहे, विद्यापीठ ही बडबड्यांची जत्रा आहे, तिथे वर्गात बोलण्याचे गुण, गटात काम करण्याचे गुण, रात्री झोपायला गेलं तरी खोलीत आणखी तिघं. आपल्यासारख्यांनी घरी बसून ऑनलाइन पदवी घ्यावी आणि मोकळं व्हावं. त्याच्यावर लोक तुटून पडले होते. काहींचं म्हणणं, हे सगळे लाड आहेत, चार माणसांत मिसळलास की सरळ होशील. बाकीच्यांनी खिल्ली उडवली होती: माणसांशी बोलवत नाही म्हणतोस, मग लाखभर लोकांपुढे कसा बोलतोस?

आई टीकाकारांच्या बाजूची. मुलगी रीलवाल्याच्या. वडिलांना मुलगी लवळ्याच्या टेकडीवर शिकायला हवी होती, कारण येता-जाता ती टेकडी दिसते आणि तिथे सिम्बायोसिसच्या अनेक संस्था आहेत, फ्लेम विद्यापीठ आहे. मुलगी गप्प होती. तिच्याबद्दल तिघंजण बोलत होतो आणि त्यात मीही होते, हे मला जरा उशिरा लक्षात आलं.

त्या मुलाचा निष्कर्ष मला पटत नाही. पण त्याच्यावरची दुसरी टीका त्याहून चुकीची आहे, आणि गंमत म्हणजे तिच्यातच या मुलांच्या कामाची गोष्ट दडलेली आहे. कॅमेऱ्यापुढे बोलताना खोलीत आपण एकटे असतो. काय बोलायचं ते आधी लिहून काढता येतं, चुकलं तर पुन्हा बोलता येतं, समोरचा मध्ये तोंड घालत नाही. अबोल माणसाला बोलणं जमत नाही असं नसतंच; त्याला तयारीशिवाय, गोंगाटात, दुसऱ्याचं वाक्य तोडून बोलणं जमत नाही. त्या मुलाने नकळत स्वतःला जमणारा प्रकार शोधला होता. तो विद्यापीठातही शोधता येतो, एवढंच त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे अशा मुलांना नावं ठेवायला शब्दांचा तुटवडा नाही. घुम्या, मुखदुर्बळ, एकलकोंडी, माणूसघाणा, आतल्या गाठीचा. यातला प्रत्येक शब्द वेगळ्या माणसाचा आहे, पण दिवाणखान्यात आपण ते सगळे एकाच पोराला चिकटवतो. उलट 'अंतर्मुख' हा शब्द मराठीत सन्मानाचा. एखादं व्याख्यान ऐकून आपण अंतर्मुख होतो, म्हणजे ती करायची गोष्ट आहे, कपाळावर मारायचा शिक्का नव्हे. इंट्रोव्हर्ट आणि एक्स्ट्रोव्हर्ट ही जोडी जगभर पसरली ती कार्ल युंगच्या १९२१ सालच्या पुस्तकामुळे. पुढच्या मानसशास्त्राने ही मोजपट्टी मानली, दोन कप्पे नव्हेत. बहुतेक माणसं पट्टीच्या मधल्या भागात कुठेतरी असतात. तेव्हा 'मी इंट्रोव्हर्ट, म्हणून विद्यापीठ नको' हे वाक्य 'माझी उंची कमी, म्हणून प्रवास नको' यासारखं आहे. कुठल्या गाडीने, एवढाच प्रश्न उरतो.

आमच्या मुळशी तालुक्यात तर या गाड्यांचे सगळे प्रकार आहेत. पौडजवळ खुबवलीच्या टेकडीवर महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ पासून आहे. अकरावी-बारावीच्या वयाची देशोदेशीची मुलं तिथे दोन वर्षं राहून आयबी डिप्लोमा करतात, घरांच्या समूहांना तिथे 'वाडा' म्हणतात आणि एकत्र राहणं हाच शिक्षणाचा मोठा भाग असतो. लवासात ख्राइस्ट विद्यापीठाचं संकुल आहे. लवळ्यात फ्लेममध्ये पदवीच्या मुलांना गट करून एखाद्या विषयाच्या अभ्यासासाठी देशात कुठेतरी जावं लागतं. हे सगळं टेकडीवरचं, गावापासून तुटलेलं आयुष्य आहे. वर्ग, मेस, मित्र, भांडणं, सगळं एकाच कुंपणात. बोलक्या मुलाला तो स्वर्ग वाटतो. अबोल मुलाला पहिले तीन महिने जड जातात, आणि पुष्कळदा चौथ्या महिन्यापासून तोच तिथून हलायला तयार नसतो, कारण चेहरे ओळखीचे झालेले असतात. लहान, स्थिर समूह या मुलांना मानवतो. रोज नवी गर्दी मानवत नाही. रील मात्र बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच निघते.

दुसरी गाडी अगदी साधी. पिरंगुटहून पीएमपीच्या बसने कोथरूडला किंवा डेक्कनला कॉलेजला जायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. चांदणी चौकातल्या वाहतुकीला सगळे शिव्या घालतात, पण खिडकीजवळची जागा मिळाली तर तेवढा वेळ कोणी काही विचारत नाही. माझ्याकडच्या एका मुलाने मला सांगितलं होतं की त्याची पदवी त्या बसमुळे पूर्ण झाली. मी हसले नाही. दिवसभर माणसांत राहून आलेला थकवा कुठे उतरवायचा याची जागा त्याने शोधली होती, आणि कॉलेज निवडताना नेमकं हेच पाहायचं असतं.

म्हणून संकुल बघायला जाल तेव्हा लॉन आणि जलतरण तलाव बघून परत येऊ नका. खोलीत किती जण राहतात आणि पहिल्या वर्षी एकट्याची खोली मागता येते का, हे विचारा. एका वर्गात किती मुलं असतात? अंतर्गत गुणांपैकी किती वर्गातल्या बोलण्याला, किती लेखी कामाला? वाचनालय रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं? समुपदेशक पूर्णवेळ आहे की आठवड्यातून एकदा येतो? माहितीपुस्तिकेत यातलं बरंचसं नसतं. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या शांत मुलीला गाठा. दहा मिनिटांत सगळं कळेल.

प्रवेशाची भीती वेगळी. पदवीनंतर सिम्बायोसिसच्या एमबीएसाठी आधी स्नॅप परीक्षा, मग मुलाखत, लेखन आणि काही वेळा गटात बोलण्याचा टप्पा. संस्था आणि वर्ष बदललं की तपशील बदलतो, तेव्हा त्या वर्षाचं माहितीपत्रकच बघा. फ्लेममध्येही निबंध आणि मुलाखत असते. पालक मुलाखतीचं नाव ऐकून घाबरतात, पण मुलाखत ही अबोल मुलाची जमेची बाजू होऊ शकते. समोर मोजकी माणसं, विषय बराचसा आपण स्वतः, आणि तयारीला महिनाभर. रीलसारखंच: लिहून काढा, मोठ्याने म्हणा, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, पुन्हा म्हणा. गटचर्चेत पहिलं वाक्य आपलंच हवं असा हट्ट सोडा. चौघं बोलून झाल्यावर त्यांच्या बोलण्यातली राहिलेली बाजू मांडणारा जास्त ऐकला जातो.

ऑनलाइन पदवी वाईट नाही. यूजीसीच्या २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे. मात्र त्या अभ्यासक्रमाला यूजीसीची मान्यता आहे का, ते यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत पैसे भरण्याआधी तपासा, आणि अभियांत्रिकी, वैद्यकीय, विधी या शाखा घरबसल्या होत नाहीत हे ध्यानात ठेवा. नोकरी करत शिकणाऱ्यांसाठी, घरची जबाबदारी असणाऱ्यांसाठी ती उत्तम सोय आहे. केवळ माणसं टाळायची म्हणून घेतलीत तर प्रश्न तीन वर्षं पुढे ढकलला जातो. हिंजवडी याच तालुक्यातली. तिथे दिवसभर संगणकापुढे बसणारा प्रोग्रॅमरही रोज सकाळी टीमपुढे आपलं काम सांगतो. 'बोलावं न लागणारं करिअर' विचारायला येणाऱ्यांना मी चहा देते, यादी देत नाही.

एका ठिकाणी मात्र उपदेश थांबवायला हवा. एकटं राहायला आवडणं ही वृत्ती. माणसांत जावंसं वाटूनही पाय न उचलणं, तोंडी परीक्षेच्या दिवशी पोटात कळा येणं, मेसमध्ये लोक बघतील म्हणून उपाशी राहणं, आणि हे महिनोन्‌महिने चालणं, ही सामाजिक भीती असू शकते. तिच्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून दिवसरात्र सुरू आहे, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. अशा मुलाला 'मिसळलास की सरळ होशील' म्हणणाऱ्या काकांना कृपया घरी चहाला बोलावू नका.

पिरंगुटच्या त्या मुलीला शेवटी मी कागद दिला आणि तिच्या आईवडिलांना बाहेर बसायला सांगितलं. वीस मिनिटांत तिने अकरा प्रश्न लिहिले, त्यातले चार मला सुचलेच नसते. कुठे जायचं ते अजून ठरलेलं नाही. पण पालकहो, पाहुण्यांसमोर 'आमची ही फार अबोल' असं यापुढे म्हणू नका, आणि कॉलेजच्या चौकशीचा फोन तिलाच करू द्या. काय विचारायचं ते आधी लिहून घेतलं तरी चालेल. तुम्ही तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत जा.