नाउरू व मॉरिशस : दोन बेटांची राहणी

सुपरफॉस्फेटचें पोतें शेतांत रिकामें करितांना तें मुळांत कोठून आलें, याचा विचार आपण क्वचितच करितों. स्फुरदयुक्त दगड खणून दळावा व त्यावर गंधकाम्लाची क्रिया करावी, म्हणजे हें खत होतें. विसाव्या शतकांत ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील गव्हाचीं शेतें व कुरणें ज्या दगडावर पोसलीं, त्यांतील बराचसा नाउरू नांवाच्या एका चिमुकल्या बेटाचा होता. त्या बेटाची मॉरिशसशीं तुलना करण्याचें आम्हीं योजिलें आहे. दोन्ही बेटें १९६८ सालींच स्वतंत्र झालीं, नाउरू ता. ३१ जानेवारी रोजीं व मॉरिशस ता. १२ मार्च रोजीं. दोहोंचाही संसार जमिनींतून निघणाऱ्या एकाच मालावर चालत होता. पुढें मात्र वाटा फुटल्या, आणि त्या कां फुटल्या हें शेतकऱ्याइतकें लवकर दुसऱ्या कोणास समजणार नाहीं.

नाउरू पॅसिफिक महासागरांत विषुववृत्ताच्या किंचित् दक्षिणेस आहे. क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारें ५,२०० एकर. आमच्याकडील एखाद्या मोठ्या गांवाच्या शिवाराएवढें. किनाऱ्यालगत नारळांची अरुंद पट्टी व मध्यें पोवळ्याच्या खडकाचें पठार. या पठारावर उत्तम प्रतीचें स्फुरद आहे हें १९०० सालीं कळलें, व १९०७ पासून माल जहाजांवर चढूं लागला. प्रथम जर्मनांचा अंमल होता. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या तिघांनीं खाणी आपल्या हातीं घेतल्या. जमिनीच्या मालकांस आरंभीं टनामागें अवघी अर्धी पेनी मिळे. स्वातंत्र्य आलें तेव्हां बेटाचा सुमारें एकतृतीयांश भाग खणून संपला होता.

१९७० सालीं खाणी नाउरूच्या ताब्यांत आल्या आणि पैशाचा पूर आला. माणशीं उत्पन्नांत हें बेट जगांतील धनाढ्य देशांच्या पंक्तीस बसलें. प्राप्तीवर कर नाहीं, औषधपाणी फुकट, शिक्षण फुकट. स्फुरद संपेल हें राज्यकर्त्यांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. त्यासाठीं त्यांनीं निधि उभारला व त्यांतून मेलबर्न येथें ५२ मजल्यांची इमारत बांधविली. परंतु उधळपट्टी, फसलेले व्यवहार व कर्ज यांत निधि झिजला, आणि २००४ सालीं ती इमारतही विकावी लागली. मासेमारी व बागाईत सुटली. डब्यांतील मांस, पांढरा तांदूळ व साखर यांवर लोक राहूं लागले. मधुमेहानें घरोघर ठाण मांडलें. आज तेथील सरासरी आयुर्मान साठीच्या आसपासच आहे.

आणि जमीन? स्फुरद पोवळ्याच्या सुळक्यांच्या खांचांत भरलेलें असतें. तें उपसलें कीं मागें उरतात ते माणसाहून कितीतरी उंच, करड्या दगडाचे नुसते सुळके. तेथें नांगर तर नाहींच, पाऊलही धड पडत नाहीं. बेटाचा सुमारें चारपंचमांश भाग असा झाला आहे. १९९३ सालीं ऑस्ट्रेलियानें १०.७ कोटि ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचें मान्य केलें. पण पैशानें गेलेली माती येत नाहीं.

मॉरिशसची जमीन तरी कोठें मऊ होती! ज्वालामुखीचें बेट, जागोजाग काळे धोंडे. १८३४ पासून हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर तेथें गेले. कोंकणांतील मराठी मंडळीही त्यांत होती. त्यांच्या वंशजांनीं मराठी शिक्षण व गणेशचतुर्थी अजून टिकविली असून, त्या दिवशीं तेथें सार्वजनिक सुटी असते. या मजुरांनीं वेंचलेल्या धोंड्यांच्या राशी अजून उंसाच्या फडांत उभ्या दिसतात. वादळें ठरलेलीं, १९६० च्या वादळानें हजारों घरें भुईसपाट केलीं. १९६१ सालीं जेम्स मीड या अर्थशास्त्रज्ञानें वाढत्या लोकसंख्येमुळें या बेटाचें भवितव्य अंधारलेलें असल्याचें लिहिलें. माणशीं उत्पन्न पाहिलें तर १९७५ च्या सुमारास नाउरू त्याच्या कितीतरी पुढें होतें.

तथापि ऊंस कापला तरी बुडखा राहतो व खोडवा येतो. पिकानें नेलेलें खत, मळी घालून परत देतां येतें. साखरेच्या चांगल्या भावाचीं वर्षें आलीं, तेव्हां त्या पैशाचा कांहीं भाग कापडाच्या कारखान्यांत गेला व कांहीं शाळांत. १९७७ पासून माध्यमिक शिक्षणही मोफत झालें. युरोपनें २००६ पासून साखरेचा भाव टप्प्याटप्प्यानें ३६ टक्क्यांनीं उतरविला, तेव्हां पुष्कळ लहान बागाईतदारांनीं ऊंस सोडला हें खरें. पण देश बसला नाहीं. गिरण्या चिपाडावर वीज करूं लागल्या. आयुर्मान सत्तरीच्या पुढें आहे. तेथें सर्व गोड आहे असेंही नव्हे. मोठ्या मळेवाल्यांकडे जमीन फार, धान्य बहुतेक बाहेरचें, आणि मधुमेह तेथेंही थोडा नाहीं.

नाउरूस दोष देतांना आम्ही हात आंखडता घेतों. त्याच्यापाशीं विकण्यास दुसरें कांहीं नव्हतें, व पहिलीं साठ वर्षें विकणारा हात त्याचा नव्हता. बेटाच्या आंत बुआडा नांवाचें एक तळें आहे; पूर्वी लोक त्यांत मासे पाळीत. त्याच्या कांठीं नारळ व केळी अजून उभ्या आहेत. किनाऱ्याची पट्टी सोडली, तर झाड लावण्याजोगी माती आतां मुख्यतः तेवढीच.